पुढचं शून्य

सदर व्यक्तीचे नाव : श्रीमती बनुबाई सयाजी साळुंखे. वय : एकोणसत्तर. वैवाहिक स्थिती : विधवा. अपत्ये : एक, परराज्यात, सुस्थितीत. प्रवर्ग : निरक्षर. शेरा : साक्षरता वर्गात स्वेच्छेने दाखल.

त्यातलं 'स्वेच्छेने' खरं होतं. बाकीच्या बायकांना हाताला धरून आणावं लागलं. बनुबाई पहिल्याच दिवशी पाटी घेऊन हजर. कारण शेजारची संयोगिता.

बनुबाईचा जयराज कोइमतूरला सोनं गाळतो. विट्याकडची निम्मी तरणी पोरं अशीच कुठल्याकुठल्या मुलखात भट्टीपुढं बसलेली असतात. फोन बनुबाईचा, पण नंबर लावायचा संयोगितानं. आणि दर वेळी तिनं म्हणायचं, "काकी, उचलत न्हाई." बनुबाईची खात्री होती, की ही बया नुसतीच बटणं बडवते. आईचा फोन पोरगं उचलणार नाही, असं कुठं असतं? तेव्हा आकडे शिकायचे आणि फोन आपला आपण लावायचा.

आकडे आले. भिंतीवर खडूनं लिहिलेला नंबर तिला वाचता येऊ लागला. त्याच्यापुढं एक शून्य होतं. 'आय, लांबचा नंबर हाय, आधी शून्य दाबायचं,' असं जयराजनंच कधीकाळी बजावलं होतं.

परीक्षेत प्रश्न आला : ७, ०, ४, २ हे अंक एकेकदाच वापरून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान चार अंकी संख्या लिहा. मोठी बरोबर आली, ७४२०. लहान तिनं लिहिली ०२४७.

वर्ग घेणाऱ्या राजेश्वरीबाईच पर्यवेक्षक. त्या वाकून म्हणाल्या, "आजी, शून्य पुढं नाही ठेवायचं. मग नुसते दोनशे सत्तेचाळीस उरतात."

"आवं बाई, शून्याबिगर कोइमतूर लागतंय व्हय?"

"ते फोनचं झालं. गणितात पुढच्या शून्याला किंमत नसते. असलं काय, नसलं काय, सारखंच."

"मग त्या बिचाऱ्यानं हुबं कुठं ऱ्हायाचं?"

"आधी दोन, मग शून्य."

"म्हंजी पाठीमागं. बाईमाणसावानी. तसं सांगा की."

ती खोडरबर शोधू लागली. निकाल शंभर टक्के लागावा, असा वरून तोंडी आदेश होता. बाईंनीच खोडलं आणि बाईंनीच २०४७ लिहिलं.

घरी येऊन बनुबाईनं भिंतीसमोर उभं राहून एकेक आकडा दाबला, शून्यासकट. पलीकडं घंटी वाजली आणि कट झाली. मग बाईंचं आठवून तिनं शून्य गाळून लावला. घंटी वाजली आणि कट झाली. बाई म्हणाल्या होत्या तसंच, सारखंच.

"लागला का, काकी?" दारातून संयोगितानं विचारलं.

"लागला."

"काय म्हंतोय?"

"कामात हाय."

महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं. श्रीमती बनुबाई सयाजी साळुंखे, साक्षर, श्रेणी अ.

संयोगिता पहिल्यापासून नंबर बरोबरच लावत होती.