मावशींच्या तुकड्याचं जेवण

आमच्या परळच्या लॅबमध्ये रिझल्ट जमायला वर्षं लागतात. किस्से मात्र आपोआप जमतात. निधी मागायला बाहेर पडलं की एखादा पदरात पडतोच. निधी तेवढा पडत नाही.

आधी काम सांगतो. पेशंटच्या आतड्यातल्या किंवा गुदाशयातल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा काचेच्या ताटलीत वाढवायचा आणि कोणतं औषध त्याला मारतं, ते आधी ताटलीतच बघायचं. त्या पेशींना सतत खुराक लागतो, आणि तो महाग असतो.

डिलाईल रोडला खानावळ चालवणाऱ्या शेवंतीमावशींचा तुकडा आमच्याकडे होता. त्यांना नेहमीची औषधं लागू पडेनाशी झाली होती. आल्या की पहिला प्रश्न, "माझ्या तुकड्याक जेवण घातलास मां? खावंदे मेल्याक. मगे मारा."

आणि नेमकी तेव्हाच आमची ग्रँट संपली. मी आणि आमचे कामत सर झोळी घेऊन निघालो.

*

लोअर परळचं काचेचं ऑफिस. कंपनीचा सीएसआर निधी बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "ब्रेस्ट कॅन्सरला पिंक रिबन आहे. तुमचा कलर कोणता?"

सर म्हणाले, "ब्राउन."

मॅडमनी ते लिहूनही घेतलं! मग म्हणाल्या, "फोटोत जरा डल दिसेल हो."

*

एका ट्रस्टची कमिटी. "आम्हाला काहीतरी इनोव्हेटिव्ह हवंय," अध्यक्ष म्हणाले. सर खूश. लगेच पुढचा प्रश्न, "हे आधी कुठे यशस्वी झालंय? गॅरंटी काय?"

"गॅरंटी हवी असेल तर मिक्सर घ्या," सर म्हणाले आणि उठले. मी मागोमाग फाइल गोळा करत. चहासुद्धा अर्धा राहिला.

*

दादरचे एक बिल्डर मात्र द्यायला तयार होते. अडचण एकच. "वडिलांचं नाव कुठे लावणार? पेशींवर तर लागणार नाही." शेवटी त्यांनी वॉटर कूलर दिला, वर संगमरवरी पाटी. आमच्या मजल्यावरचा हा तिसरा कूलर.

त्याच आठवड्यात खुराक संपला. आमच्या लॅबमधली नयना खुराकाची रिकामी बाटली हातात घेऊन म्हणाली, "सर, पेशींना गार पाणी पाजू?" रविवारी मावशींचा तुकडा मेला. कोणतं औषध द्यायचं, ते कळायच्या आधीच. मला अजून त्या पाटीकडे बघितलं की डोक्यात तिडीक जाते.

*

लालबागच्या एका गणेश मंडळाकडेही निधी मागितला होता; त्यांनी तेव्हाच हात जोडले होते. "मंडपात बॅनरवर गुदाशय लिहायचं? बाप्पा बसतो तिथे." पण त्याच मंडळाने आता कॅन्सरयोद्ध्यांचा सत्कार ठेवला, आणि त्यात मावशींना बोलावलं. शाल, नारळ, फोटोग्राफर, सगळं होतं. त्यासाठी निधी होता.

मावशी स्टेजवर गेल्या, आम्ही लॅबवाले समोरच्या खुर्च्यांत. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल घातली, हातात नारळ दिला आणि कानाशी पुटपुटले, "दोन शब्द बोला. फक्त आजाराचं नाव नको."

मावशींनी माइक घेतला. "माझ्या आतड्याक कॅन्सर आसा. तेचो तुकडो ह्येंनी परळाक वाढवलेलो. तो आयतवारी उपाशी मेलो."

अध्यक्ष माइककडे हात करू लागले. मावशींनी तो नारळ त्यांच्या हातात दिला.

"तेच्या तेराव्याक माझ्या खानावळीत जेवक येवा. सगळ्यांनी."