देवाला पत्ता सांगणारे पाळकसाहेब

देवावर पुरा विश्वास आणि देवाच्या स्मरणशक्तीवर अजिबात नाही, असा माणूस उभ्या सोलापुरात एकच, आमचे पाळकसाहेब. आमचं चर्च म्हणजे वस्तीतली पत्र्याची खोली. मंडळी म्हणजे विड्या वळणाऱ्या बायका, हमाल, सफाईवाले आणि जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमधून स्कूटीवर येणारा मी. इतर पाळक आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करतात. आमचे साहेब देवाला पत्तासुद्धा सांगायचे. "प्रभो, आमच्या सुगंधामावशीचा ताप उतरव. नळापासनं आत शिरलास की उजव्या हाताला निळं दार हाय. दारात शेळी आसती, ती मारत न्हाय." डोळे मिटून हे ऐकताना हसू कसं आवरायचं, सांगा. मी रुमाल तोंडात कोंबायचो.

देवाला हे ठाऊक नसतं का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे फार कीव येऊन पाहिलं. सोलापुरात सुगंधा काय एकच आहे का, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी त्यांनी घाईत उजव्याऐवजी डावा हात सांगितला, आणि मावशीचा ताप तसाच राहून समोरच्या रिक्षावाल्या रफीकभाईंचा उतरला! दुसऱ्या कुणी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. यांनी पुढच्या उपासनेत सगळ्यांदेखत चूक कबूल केली, पत्ता दुरुस्त केला, आणि तिकडे दिलंस ते राहू दे, असंही देवाला सांगितलं. रफीकभाईंच्या कानावर हे गेल्यापासून म्हाताऱ्या बायकांना चर्चपर्यंत रिक्षा फुकट. मावशीही कमी नव्हती. भर प्रार्थनेत म्हणायची, "शेळी इकली की ओ." की साहेब डोळे न उघडताच, "प्रभो, शेळी न्हाय आता."

मग रस्ता रुंद करायचा म्हणून वस्तीच उठवली. नळ गेला, निळं दार गेलं, आमची पत्र्याची खोली गेली. कुणी कुर्डुवाडीला बहिणीकडे गेलं, कुणी पुलाखाली. साहेब भर उन्हात सायकलवरून एकेकाला हुडकत फिरले. माणूस सापडायचा, पण देवाला सांगावा असा पत्ता त्याच्याकडे नसायचा. मावशी तर सापडलीच नाही. घर पाडलं त्या दिवशीही तिच्या अंगात ताप होता.

उरलेली चार माणसं माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जमू लागली. पहिल्याच रविवारी साहेब प्रार्थनेला उभे राहिले. "प्रभो, आमची सुगंधामावशी..." आणि थांबले. आम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलो.

"...कुटं हाय, ते मला सांगता येत न्हाय, बाबा."

आमेन न म्हणताच ते खाली बसले. प्रार्थना संपली की नाही हेच आम्हाला कळेना.

तेव्हापासून ते चारचौघांसारखी प्रार्थना करतात. नाव घेतात, पुढे जातात. पूर्वी लांबते म्हणून मीच कुरकुरायचो; आता ती आटोपशीर प्रार्थना ऐकवत नाही. कसला मेला रस्ता, ज्याच्यासाठी एवढी माणसं बेपत्ता केली!

गेल्या आठवड्यापासून साहेब स्वतःच तापाने पडून आहेत. मला प्रार्थना फारशी जमत नाही. तरी काल त्यांना पेज देऊन परतताना स्कूटी बाजूला घेतली आणि हळूच सांगून टाकलं, पिठाच्या गिरणीमागे, जिन्याखालची खोली, दारात सायकल असते.

आज सकाळी जाऊन आलो. ताप तसाच आहे. पत्ता तर मी बरोबर सांगितला होता.