शहाळ्याला नको म्हणताना

अख्ख्या सातारा-सांगलीत ज्याच्या तोंडून जन्मात कधी ‘नको’ हा शब्द निघाला नाही असा एकच माणूस असेल, तर ते म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे थोरले मामा. कडेगावच्या बाजारात पावशेर मिरच्या आणायला निघालेले मामा सात दुकानांत सात चहा पिऊन मिरच्यांशिवाय घरी येतात. निवडणुकीत ते एकाच सकाळी दोन्ही उमेदवारांच्या जीपमधून फिरून आले होते आणि दोघांनीही त्यांचं मत आपल्या खिशात धरलं होतं. एकदा तर कराडच्या स्टँडवर कुठल्याशा वऱ्हाडातला एकजण ‘चला पाव्हणं, मुहूर्त टळंल’ म्हणाला, तर मामा निमूट त्यांच्या टेंपोत चढले, अक्षता टाकल्या, पोटभर जेवले आणि आहेराचा टॉवेल खांद्यावर टाकून संध्याकाळी परतले. मामींनी विचारलं, “कुनाचं लगीन हुतं?” मामा म्हणाले, “काय की! पर मानसं लय चांगली हुती.”

अशा माणसाला यंदा हृदयाचं दुखणं लागलं. कराडच्या डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडताना एक गोळी समोर धरून बजावलं, “मामा, या गोळीनं अंगात पोटॅशियम साठून राहतं. शहाळ्यात आणि केळ्यात ते भरपूर असतं, म्हणून दोन्ही बंद. फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.” मामा म्हणाले, “व्हय.” मी निर्धास्त होऊन मलकापूरला घरी परतलो, ही माझी चूक. डॉक्टरांना तरी ते नाही कसं म्हणणार?

आता आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि शहाळ्याखेरीज दुसरं काही नेणं म्हणजे आजाराचा अपमान. पहिल्याच दिवशी भावकी टेंपो करून आली. शहाळी आणली ती आणली, वर सोबत कोयताही. प्रत्येकजण आपलं शहाळं स्वतः फोडायचा, मामांच्या हातात द्यायचा आणि शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायचा नाही. एकाचं प्यायलं की दुसऱ्याचं ठेवता येत नसे, तो रुसला असता. मामा पीत होते, वर पाणी गोड असल्याची पावतीही देत होते. तीन दिवसांत अंगणात रिकाम्या शहाळ्यांचा असा ढीग झाला की शेजारची शेळी त्यावर उभी राहून मामांच्या खिडकीतून आत बघायची.

चौथ्या दिवशी सकाळी मामांना पाय उचलवेनात. नाडी मंद लागत होती. मी मलकापुराहून गाडी घेऊन धावलो आणि त्यांना थेट कराडला नेलं. खरं सांगतो, वाटेत मी इतका घाबरलो होतो की मामांनीच मला धीर दिला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीला वायरी लावल्या, घाईघाईने इंजेक्शनं दिली आणि मामींकडे वळून विचारलं, “काय खायला घातलंत?”

“काय बी न्हाई, डॉक्टरसायेब,” मामी रडवेल्या होऊन म्हणाल्या. “भाकरीचा तुकडा सुदिक न्हाई. निस्तं शहाळ्याचं पानी.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मामींच्या लेखी शहाळं हे खाण्यात जमाच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामांना जरा हुशारी वाटू लागली, तेवढ्यात शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या भावाने माणुसकीने विचारलं, “आवं मामा, शहाळं घ्या की.” हाताला सलाईन असताना मामा म्हणाले, “बरं, अर्धंच द्या.” मी ते शहाळं हिसकावून घेतलं आणि भीतीपोटी उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकलं.

घरी आल्यावर मामांना ‘नको’ शिकवणं हे एकच काम आम्हाला उरलं. मामी रोज केळं पुढे करायच्या, मामा डोळे मिटून, घाम पुसत ‘नको’ म्हणायचे आणि लगेच विचारायचे, “बरुबर म्हनलं का? मग आता द्या की.”

मागच्या रविवारी मी तिथेच होतो. मामांचा लहानपणचा दोस्त, सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी माळावर मेंढरं राखण्यात जन्म गेलेला म्हातारा, दोन एसट्या बदलून आला. पिशवीतून त्याने एकच शहाळं काढलं. त्याने दारात नारळ लावला होता, कळश्यांनी पाणी घालून जगवला होता, आणि हे त्याचं पहिलं फळ.

“तुज्यासाठनं ठिवलंतं रं,” तो म्हणाला.

मामींनी पदर तोंडाशी धरला. मामांनी शहाळं हातात घेतलं, कुरवाळलं आणि म्हणाले, “गड्या, नको.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. आम्ही दोन महिने ज्या शब्दासाठी जिवाचं रान केलं, तो कानावर पडला आणि मलाच गलबलून आलं.

“डागदरनं बंद केलंय रं,” मामा म्हणाले. “तू पी. मी बगतो.”

मी शहाळं फोडून दिलं. म्हातारा संकोचून पिऊ लागला. मामा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले.

“गोड हाय का रं?”

“लय गोड.”

आणि त्याच्याबरोबर मामांनीही एक कोरडा घोट गिळला.