दुसरीने घ्यायचं नाव

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसले तेव्हा ऊन नुकतंच फलाटावर उतरलं होतं. धाकटे दीर सोडायला आले होते. बायकांच्या डब्यात माझं बोचकं ठेवून ते म्हणाले, "वहिनी, जबलपूर शेवटचं ठेसन आहे. चुकायचं कामच नाही."

गावाबाहेर एकटी जायची माझी ही पहिलीच वेळ. माणसांसमोर माझा आवाज निघत नाही. आमच्या ख्रिस्ती देवळातसुद्धा मी गीतं नुसती ओठांनी म्हणते. पण या वेळी मीच हट्ट धरला होता.

आमचे हे लढाईवर ब्रह्मदेशाकडे गेले आणि मागच्या वर्षी सरकारचा कागद आला की ते बेपत्ता आहेत. दर रविवारी आमचे पाळकसाहेब लढाईवर गेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात. कागद आल्यावरही यांचं नाव ते घेत राहिले. मग एका रविवारी ते नाव आलं नाही. सासूबाईंनी विचारलं तर साहेब हळूच म्हणाले, "आजी, मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करत नाही, आणि तो जिवंत आहे म्हणायला आता आधार राहिला नाही. त्याच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुतीची सभा घेऊ, त्याला देवाच्या हाती सोपवू." सासूबाईंनी मान हलवली. "एकदाचं होऊन जाऊ दे," म्हणाल्या.

त्याच आठवड्यात जबलपूरच्या वन्संचा (यांच्या थोरल्या बहिणीचा) निरोप आला, की यांच्या तुकडीतला एक शिपाई तिथल्या लष्करी दवाखान्यात आहे. मी सासूबाईंचे पाय धरले. "मी विचारून येते, मग सभा घ्या."

बालाघाटच्या पुढे दोन्ही बाजूंना बांबूचं रान लागलं. गाडी इतकी हळू चढत होती की एक म्हातारा उतरून चिंचा वेचून पुन्हा चढला. इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जात होता. नैनपूरला डब्यात शिपाई शिरले, बायकांनी ओरडून त्यांना बाहेर काढलं. त्यांतला एक पाठमोरा यांच्यासारखा दिसला. वळला तेव्हा अगदी पोरगेला होता.

शेवटच्या आधीच्या ठेसनावर डब्यातल्या सगळ्या बायका उतरल्या. मला विचारायची लाज वाटली, म्हणून मीही उतरले. गाडी पुढे निघून गेली तेव्हा चूक कळली. बाहेर एक टांगेवाला होता.

"कहाँ जाना है, बाई?"

"कारखाना," एवढंच मला सुचलं. वन्संचे मालक, आमचे भाऊजी, तिथे कामाला होते.

"कौन सा? यहाँ तो कारखाना ही कारखाना है."

मी खाली बघून म्हटलं, "तोफा."

तो हसला. "बैठो. बाई तोप लेने आई है."

वाटेत मोठमोठे काळे दगड एकावर एक रचल्यासारखे दिसले. वारा आला तर पडतील असं वाटे, पण त्यांच्या सावलीला बकऱ्या निवांत बसल्या होत्या. वन्सं मोठ्या ठेसनावर वाट पाहून परत आल्या तेव्हा मी त्यांच्या दारात बोचक्यावर बसलेली. "मी तिथं पाय तोडून राहिली, अन् तू इथं राणीसारखी बसून आहेस," म्हणाल्या आणि मला कवटाळून रडल्या.

कारखान्याच्या वसाहतीत सगळं भोंग्यावर चाले. खिडक्यांना विमानहल्ल्याच्या भीतीने काळे कागद, घरात दिवसाही संध्याकाळ. भाऊजी रात्रपाळी करून दिवसा झोपत, म्हणून आम्ही कुजबुजत बोलायचो. कामाला रविवारही उरला नव्हता. त्यामुळे तिथल्या मराठी ख्रिस्ती बायका बुधवारी दुपारी, दोन भोंग्यांच्या मधे, प्रार्थनेला जमत. दवाखान्यात जायचा आमचा दिवस गुरुवार होता, म्हणून आधी बुधवार आला.

वन्संच्याच खोलीत चटई टाकली होती; भाऊजी बुधवारी दुपारी शेजाऱ्यांकडे झोपायला जात. सगळ्यांत वडील रिबेकाबाई. पांढरं लुगडं, तोंडात दात कमी, आवाज मात्र खणखणीत. त्यांचा मुलगा शमुवेल लढाईवर होता. त्यांनी मला रीत सांगितली. इथे कोणी आपल्या माणसाचं नाव घेत नाही, शेजारी बसलेली घेते.

"काहून म्हणशील तर," त्या म्हणाल्या, "आपल्याच माणसाचं नाव घेताना बाई एक तर रडते, नाहीतर लाजते. प्रार्थना तशीच राहून जाते. सांग, तुझ्या मालकाचं नाव काय?"

आता आली पंचाईत. वन्सं आत चहा करत होत्या आणि नवऱ्याचं नाव मी आयुष्यात घेतलेलं नाही.

"पवित्र शास्त्रात आहे ते," मी म्हटलं.

"शास्त्रात तर लय आहेत बाप्पा."

"स्वप्नं पाहायचे ते."

"दानीएल," एक जण म्हणाली.

"नाही. रंगीत अंगरखा होता."

"योसेफ," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या आणि हसल्या. रिबेकाबाई हसल्या नाहीत. "भावांनी अंगरखा रक्तात बुडवून आणला," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् बाप पोरगा मेला म्हणून रडत बसला. तो तर जिता होता."

माझ्या डाव्या बाजूच्या बाईने यांचं नाव घेतलं. कोण कुठली बाई, पण "योसेफला अन्न मिळो, त्याच्या पायांना वाट मिळो" असं ती आपल्या भावासाठी म्हणावं तसं म्हणाली. किती दिवसांनी ते नाव देवासमोर कोणी उच्चारलं होतं. मग माझी पाळी आली. उजवीकडे रिबेकाबाई होत्या. शमुवेलचं नाव मला घ्यायचं होतं. सगळ्या डोळे मिटून थांबल्या. शेवटी मी नुसतं "आमेन" म्हणाले, आणि तेवढ्यात भोंगा झाला.

चप्पल घालताना रिबेकाबाई म्हणाल्या, "आज माझा शमुवेल उपाशी राहिला वाटते."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या रात्री भट्याची (वांग्याची) भाजी माझ्या ताटात तशीच राहिली.

गुरुवारी आम्ही सदरला गेलो. सदर म्हणजे छावणीचा बाजार. गोरे शिपाई, शिंप्यांची दुकानं, खव्याच्या जिलेबीची कढई. वन्संनी पानभर जिलेबी घेतली, "रिकाम्या हाताने जाऊ नये." जिलेबी काळपट आणि जड होती. यांना गोड फार आवडतं, एवढंच मला आठवत राहिलं.

दवाखान्यातल्या त्या शिपायाचं नाव लखन, जवळच्या पनागरचा. एक पाय गुडघ्यापासून नव्हता. उशाशी त्याची आई उकडलेले सिंघाडे (शिंगाडे) सोलून त्याला भरवत होती. तिची बोटं सालांनी काळी झाली होती. वन्सं हिंदीत विचारत होत्या, मी पदर धरून त्यांच्या मागे उभी होते.

लखन म्हणाला, नदी उतरताना गोळे पडायला लागले. तो अलीकडे राहिला, योसेफ पलीकडच्या झाडीत गेला. "उसके बाद नहीं देखा, दीदी. मरा भी नहीं देखा. झूठ नहीं बोलूँगा."

एवढंच. इतक्या लांब येऊन एवढंच. वन्संनी डोळे पुसले आणि आम्ही निघालो. तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "आप मारथा हैं?"

माझं नाव त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली.

"रोज रोटी के पहले आँख मूँदकर आपका नाम लेता था. जोर से. हमारी रोटी ठंडी हो जाती थी. हम हँसते थे, देखो, भगवान को बीवी का पता बता रहा है."

लग्न झाल्यापासून यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. "अगं", "ऐकतेस का", एवढंच. त्या परक्या रानात, सगळ्या माणसांच्या देखत, ते रोज माझं नाव घेत होते, आणि मी गावी ओठ मिटून बसले होते.

लखनच्या आईने माझ्या पदरात मूठभर सिंघाडे घातले. "बिटिया, तुम लोग नाम लेते हो न? मेरे लल्ला का भी ले लेना."

दुसऱ्या बुधवारी मी मुद्दाम रिबेकाबाईंच्या शेजारी बसले. माझी पाळी आली. मी म्हणाले, "प्रभू, शमुवेलला सांभाळ. आणि पनागरच्या लखनला सांभाळ, त्याला एकच पाय आहे. त्याच्या आईलाही." पुढचं काही सुचलं नाही. पण तेवढं बोलल्यावर छातीवरचा दगड कोणीतरी थोडा सरकवल्यासारखं झालं. यांच्याबद्दल काही नवं कळलं नव्हतं. तरी माझ्याकडे आता काम होतं, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला करता येणार नव्हतं. रिबेकाबाईंनी डोळे न उघडता माझा हात दाबला.

परतीच्या गाडीत मी नावं म्हणत आले. बांबूचं रान तेच होतं. मुद्दाम खिडकीशी बसले, कोळसा डोळ्यांत गेला तरी.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं, "काय म्हणाला?" मी सगळं सांगितलं. सभा पुढच्या आठवड्यात ठरली होती.

रविवारी देवळात पाळकसाहेबांनी लढाईवरच्यांची नावं घेतली आणि ते "आमेन" म्हणणार तेवढ्यात मी उभी राहिले. सासूबाईंनी माझा पदर ओढला. मला रिबेकाबाईंची रीत आठवली. आपल्याचं आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याने घ्यायचं. पण तिकडे रानात माझं नाव हे घेत होते. मग त्यांचं मी घ्यायचं, हीच रीत झाली.

"आणि योसेफ," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण देऊळ लहान आहे. "प्रभू, तो कुठे आहे तुला ठाऊक आहे."

साहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग त्यांनी "आमेन" म्हटलं. बाहेर पडताना ते सासूबाईंना म्हणाले, "आजी, सभेचं राहू द्या आत्ता."

ते जिवंत आहेत की नाहीत, मला अजूनही ठाऊक नाही. रात्री जाग आली की ती नदी दिसते, मी न पाहिलेली, आणि पलीकडची झाडी. जबलपूरहून मी बातमी आणली नाही. शेजारच्या बायका आता बुधवारी आमच्याकडे येतात, तेवढं आणलं.

त्या रविवारी संध्याकाळी मी ताटं वाढली. सासूबाई भाकरी मोडता मोडता थांबल्या. त्यांनी डोळे मिटले आणि वाट पाहत राहिल्या.

"घे ना," त्या म्हणाल्या. "नाव घे त्याचं."

मी घेतलं. मग शमुवेलचं, मग लखनचं, मग त्याच्या आईचं. भाकरी निवली. मग सासूबाईंनी ती मोडली.