खुर्ची जाईल तिथवर

चोंगचिंगमध्ये सपाट जमीन शोधायची तर नदीतच उतरावं लागतं, असं तिथले लोक गमतीनं म्हणतात. पू ह्वाय्चनने उभं आयुष्य त्या चढउतारांचीच चित्रं काढली. जलरंगात, लहान आकारात. ओल्या दगडी पायऱ्या, धुक्यात अर्धवट बुडालेल्या गॅलऱ्या, बांबूच्या दोन्ही टोकांना ओझं बांधून चढणारे हमाल. शहरातले चित्रकार तिला पाठीमागे ‘पायऱ्यावाली’ म्हणत, आणि तिला ते माहीत होतं.

तिच्या मागे घडीचं स्टूल आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन फिरायचा तो तिचा नवरा, चोउ दलिन. नदीवरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. चित्रातलं त्याला काही कळत नसे, पण सावली कुठे आहे आणि वारा कुठून येतो हे बरोबर कळे. ती काढत बसायची, तो शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचा.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला तो एक ‘हॅ’. भूक लागली तरी हॅ, राग आला तरी हॅ. जुनं घर पायऱ्यांच्या मधोमध होतं, तिथे चाकाची खुर्ची नेणं शक्यच नव्हतं. म्हणून दोघं लिफ्ट असलेल्या एका उंच इमारतीत भाड्याने राहायला आली. त्याला उठवणं, धुणं, भरवणं, पाठीला तेल लावणं यात दिवस कसा संपे ते पूला कळत नसे. ब्रश डब्यात वाळून काडीसारखे झाले होते.

अशात रान यीलानचा फोन आला. ती एका प्रकाशन संस्थेत काम करणारी तरुण संपादक होती. बाहेरून येणाऱ्यांसाठी शहराचा चित्रमय नकाशा काढायचा होता: चित्रकाराच्या आवडत्या जागा.

“बाई, तुमच्याशिवाय हे कोण करणार?” यीलान म्हणाली. “तुम्ही फक्त तुमच्या लाडक्या जागा काढायच्या.”

पू हो म्हणाली. नाही म्हणायला कारणं सांगावी लागली असती आणि तेवढं त्राण तिच्यात नव्हतं.

शेजारच्या तंगबाईला नवऱ्यापाशी बसवून ती एकटी निघाली. पहिल्यांदा नदीकाठच्या जुन्या पायऱ्यांवर गेली. गुडघा दुखत होता. वर पोचली तर भाड्याचे रेशमी झगे घातलेल्या मुली फोटोसाठी रांगेत उभ्या. “आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय तुम्ही,” एक जण म्हणाली, अगदी गोड आवाजात. पू बाजूला झाली. तिथूनही तिला बाजूला व्हावं लागलं. कागद कोराच घेऊन ती परतली.

दुसऱ्या दिवशी ती इमारतीच्या पोटातून मेट्रो आरपार जाते तिथे गेली. शेकडो लोक तोंडं उघडून उभे होते, गाडी आपल्या घशात शिरतेय असा फोटो काढून घ्यायला. तिने चित्र पुरं केलं. गाडी होती, इमारत होती, सगळं जागच्या जागी होतं आणि चित्र मेलेलं होतं.

घरी आली तर तंगबाई दारातच उभी. “तुझा नवरा सांभाळ बाई! सकाळपासून माझ्यावर हॅ हॅ करून खेकसतोय. मी म्हटलं, मी काय तुझी बायको आहे, ऐकून घ्यायला?”

चोउच्या मांडीवर थर्मास होता. डाव्या हाताने कपाटातून ओढून काढलेला. रिकामाच.

“तुला यायचंय?” पूने विचारलं. “अरे, कुठे नेऊ तुला? हे काय सपाट गाव आहे?”

“हॅ,” चोउ म्हणाला.

सकाळी तिने त्याला नेलं. घरची लिफ्ट, दोन इमारतींना जोडणारा पूल, मेट्रोची लिफ्ट, इथवर जमलं. पण उतरायचं त्या स्टेशनवर बाहेर पडायची लिफ्ट बंद. सरकता जिनाही बंद. समोर पायऱ्याच पायऱ्या. पू खुर्चीचा ब्रेक लावून पहिल्याच पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही, नुसतं तिथेच झोपून जावंसं वाटलं.

“काय झालं, ताई?” बांबू खांद्यावर टाकलेला एक म्हातारा हमाल थांबला. त्याच्याबरोबर आणखी एक होता.

“लिफ्ट बंद आहे.”

“ती चालू असली तरच नवल!” त्याने दोर सोडला. “याहून जड कपाटं नेलीत आम्ही. फक्त कपाट लाथा मारत नाही. मारशील का रे दादा?”

चोउला हसू फुटलं. तोंडाची एकच बाजू हसली. दोघांनी खुर्ची बांबूला बांधून उचलली. पायऱ्या चढताना तो डाव्या हाताने मिशा नसलेल्या ओठावर ताव देत होता. हमाल म्हणाला, “बघा, नवरदेव! वरात निघाली!”

वर आल्यावर पूला उजवीकडे, नदी दिसणाऱ्या गच्चीकडे जायचं होतं. चोउने डावीकडे बोट दाखवलं आणि हॅ हॅ सुरू केलं. डावीकडे उड्डाणपुलाखालची जागा होती. खांबांच्या आडोशाला दोन न्हावी, माजोंगच्या खेळात सोंगट्या आपटणारे म्हातारे, तिरफळाच्या तिखट रश्श्याचा वास आणि डोक्यावर गाड्यांची घरघर. जमीन मात्र सपाट, सिमेंटची.

“केस कापायचेत होय तुला?” ती वैतागून म्हणाली. “एवढा खटाटोप त्यासाठी?”

एका न्हाव्याने खुर्चीसकट त्याला आरशासमोर घेतलं. “मान सरळ धरा, साहेब.” मान सरळ राहीना, तेव्हा एका माजोंगवाल्याने हातातला डाव सोडला आणि येऊन मान धरली. पू स्टुलावर बसली. ती जवळ असताना नवऱ्याकडे बघायचं काम बऱ्याच दिवसांनी दुसरं कुणीतरी करत होतं. तिने रंग भिजवले. खांबाचा राखाडी, आरशातला अर्धा चेहरा, दोन परके हात. चित्र झालं, ते कसं झालं हे तिला कळलंच नाही.

त्यानंतर खुर्ची जाईल तिथेच ती गेली. हॉस्पिटलमागच्या बोळातलं मऊ टोफू विकणारीचं दुकान. दोन्ही बाजूंना दारं असलेली सार्वजनिक लिफ्ट, जिच्यात भाजीवाल्या टोपल्या घेऊन चढत. दमायची ती पूर्वीइतकीच. ढकलून ढकलून मनगटं सुजायची.

यीलानने चित्रं एकेक करून पाहिली. मग हळूच म्हणाली, “बाई, चित्रं सुंदर आहेत. पण पुलाखालचा न्हावी बघायला लोक येतील का इतक्या लांबून?”

“न येऊ देत. तिथे आधीच गर्दी आहे.”

“वरचे मला फाडून खातील हो.”

पूला तिची दया आली. भांडायला तर अंगात बळच नव्हतं. प्रसिद्ध जागा तिने फोटो बघून काढून दिल्या. चार आठवडे कारकुनासारखं काम केलं. खुर्चीच्या वाटेवरच्या चित्रांपैकी तीन नकाशाच्या मागच्या बाजूला, लहान करून छापली गेली. नकाशा खूप खपला. यीलान दुसऱ्या नकाशाचं विचारायला मिठाई घेऊन घरी आली, तेव्हा पूने मिठाई ठेवून घेतली आणि काम नाकारलं.

“का हो बाई? आता तर तुमचं नाव झालंय.”

“दमलेय गं,” पू म्हणाली. एवढंच, आणि ते खरं होतं.

पाऊस नसेल त्या मंगळवारी दोघं अजून पुलाखाली जातात; लिफ्ट बंद असली तर हमाल असतातच. केस कापायचे नसले तरी न्हाव्याला चालतं. ऊन खांबाशी येईतो चोउ खुर्चीत घोरू लागतो, आणि बरेचदा पूचीही मान ब्रश हातात असतानाच कलते. मग माजोंगवाले आवाज न करता सोंगट्या मांडतात. दुकान आवरायच्या वेळी न्हावी तिच्या खांद्याला हात लावून म्हणतो, “ताई, उठा. घरी जायचंय ना?”