कुजबुजता न येणारा प्रवासी

सह्याद्रीच्या जंगलांतल्या प्राण्यांना एखाद्या माणसाचा आवाज ओळखता येत असेल, तर तो माझ्या मेहुणीच्या सासऱ्यांचा. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी एस.टी.च्या स्थानकात ध्वनिक्षेपकावरून गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी ध्वनिक्षेपक स्थानकात राहिला. आवाज घरी आला. सदाशिव पेठेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये ते जेवताना मीठ मागतात, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वाटी घेऊन वर येतात. जरा हळू बोला असे सांगितले, तर ते तोंडाशी हात नेतात, मान पुढे काढतात आणि तेवढ्याच आवाजात बोलतात. त्यांच्या मते याला कुजबुजणे म्हणतात.

या गृहस्थांची एकच इच्छा होती. त्यांना भीमाशंकरचे शेकरू पाहायचे होते. "भीमाशंकरची गाडी मी सोडायची, आणि लोकांनी परत येऊन मला सांगायचं, शेकरू दिसलं! मांजराएवढं, तांबूस, या झाडावरून त्या झाडावर! मी म्हणायचो, असेल बुवा. पाठवणारे आपण, बघणारे हे," असे ते सांगत. म्हणून निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात ते एका सहल कंपनीच्या बसने जाऊ लागले. पहिल्या दिवशी नाणेघाट आणि शिवनेरी, दुसऱ्या दिवशी भीमाशंकरचे जंगल. घरचे कोणीतरी सोबत लागते, आणि ते काम माझ्याकडे असते. पत्रकाराला रिकामा वेळ पुष्कळ असतो, असा मेहुणीकडच्या मंडळींचा समज आहे.

बसमध्ये त्यांची जागा ड्रायव्हरच्या मागची. नारायणगावला चहा झाला, की ते बसच्या दाराशी उभे राहून "शिवनेरीची गाडी सुटत आहे" असे सवयीने म्हणत. एकदा त्यामुळे दुसऱ्याच सहलीतले एक जोडपे आमच्या बसमध्ये चढले आणि आमचा चिवडा खात जुन्नरपर्यंत आले. गडावर ते गाइडच्या मागे उभे राहून तिचे प्रत्येक वाक्य मागच्यांसाठी पुन्हा म्हणत. थोड्या वेळाने शाळांच्या सहलीही आपापल्या गाइडला सोडून त्यांच्याभोवती जमत. ही गाइड चंद्रपूरकडची तरुण मुलगी, स्वभावाने गरीब. गडावर तिची तक्रार नसे. खरी अडचण जंगलात होती.

जंगलात शांतता हवी, हे आमच्या बसमध्ये सर्वांत आधी त्यांना पटलेले असे आणि ती राखण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. कोणी बिस्किटांचा पुडा फोडला, की "अहो, पुडा नंतर फोडा! प्राणी बुजतात!" अशी सूचना सगळ्या रानाला मिळे. समोरची वानरे उठून जात. पाखरे उडत. एकदा एक पुजारी काय झाले म्हणून देवळापासून धावत आले.

"काकाजी, तुम्ही बोलू नका ना," गाइड म्हणाली, "तुमच्या आवाजानं आमच्याकडचा वाघ पण उठून जाईल."

"मी कुठे बोलतोय? मी यांना गप्प करतोय!"

शेकरू न दिसताच सहल संपे. परतीच्या वाटेवर बाकीचे गाण्यांच्या भेंड्या खेळत. हे खिडकीकडे तोंड करून बसत आणि चाकण येईपर्यंत एक शब्द बोलत नसत. तेवढा वेळ त्यांच्याकडे पाहवत नसे.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. ती काढली, साधी होती. महिनाभर एक अक्षरही बोलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आवाज कितपत परत येईल ते सांगता येत नाही, हे त्यांनी मेहुणीला बाजूला घेऊन सांगितले. बाजूला घेऊन सांगितलेले ह्यांनी ऐकले. घरात सगळे म्हणाले, यंदा सहल राहू द्या. त्यांनी बॅग भरून दारात आणून ठेवली.

ती सहल फार शांत झाली आणि ते कोणालाच आवडले नाही. नारायणगावला आमचेच दोघे मागे राहिले. शिवनेरीवर मागच्यांना काही ऐकू येईना. भीमाशंकरला मंडळी गाइडबरोबर पायवाटेने पुढे गेली. हे दमले होते, म्हणून एका दगडावर टेकले. मी थोडा मागे बुटाची नाडी बांधत होतो.

शेकरू समोरच्या आंब्यावरून उतरले आणि त्यांच्यापासून दोन हातांवरच्या फांदीवर बसले. पुढच्या दोन पायांत एक फळ धरून ते कुरतडू लागले. शेपटी फांदीखाली लोंबत होती. गाइडची मंडळी वळणापलीकडे होती. त्यांचे हसणे ऐकू येत होते. ह्यांनी हात तोंडाशी नेला, मान पुढे काढली आणि तोंड उघडले. गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज निघाला नाही. तोंड तसेच उघडे राहिले. शेकरूने फळ संपवले, मिशा पुसल्या आणि ते सावकाश वर निघून गेले.

मंडळी परतली, तेव्हा मी काय झाले ते सांगितले. एकच गलका झाला. फोटो काढला का? रंग कसा होता? "सांगा ना काका, अगदी पहिल्यापासून!" एक आजोबा म्हणाले आणि मग त्यांनी जीभ चावली. तेव्हा ह्यांनी दगडावर बसूनच हातांनी सांगायला सुरुवात केली. असे उतरले. असे धरले. असे कुरतडले.

आवाज पुढे परत आला, पण बारीक आणि चिरका. आता रिक्षावाले त्यांना "काय म्हणालात?" असे दोनदा विचारतात. गेल्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले होते. पेठेतल्या पार्किंगबद्दल त्या बारीक आवाजात त्यांची तक्रार चालली होती. मध्येच माझ्या बायकोने विचारले, "अहो काका, शेकरूची शेपटी खरंच एवढी मोठी असते?" ते बोलायचे थांबले. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली, बोटे पुसली आणि दोन्ही हात मोकळे केले.