आईच्या गोळ्या आणि माझा सव्वासहाचा कॉल

दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी उरणच्या दवाखान्यात माझी चांगलीच जिरली. तेव्हा कुणाला सांगितलं नाही... पण आज सकाळी जे पाहिलं, त्यानंतर राहवत नाहीये.

माझी आई उरणजवळच्या एका गावात एकटी राहते. निवृत्त अंगणवाडी सेविका, त्यामुळे तिच्याहून मोठी माणसंही तिला 'बाई' म्हणतात. गावातल्या बुद्धविहाराची चावी कित्येक वर्षं तिच्याकडे. दर रविवारी सकाळी दार उघडायचं, झाडलोट करायची, पोरांना जमवून वंदना शिकवायची... आणि जो आला नाही त्याला घरी जाऊन अंथरुणातून उठवून आणायचं!

आईला थायरॉईड आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, एवढंच औषध. पण मी इकडे खारघरला नोकरीत, ती तिकडे, मग माझी काळजी मी ऑनलाइन मागवायला लागले. कॅल्शियम झालं, लोह झालं, अश्वगंधाच्या गोळ्या झाल्या. शेवग्याच्या पाल्याची पावडरसुद्धा मागवली... आईच्या परसात शेवग्याचं झाड उभं असताना!

हे सगळं पडून राहू नये म्हणून मी एक शक्कल लढवली. माझी ऑफिसची बस यायच्या आधी, सव्वासहाला व्हिडिओ कॉल. आईने फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि माझ्यासमोर एकेक गोळी घ्यायची. शेवटची गिळली की मी टाळ्या वाजवायचे आणि बस पकडायला पळायचे. केवढं कौतुक वाटायचं मला स्वतःचं!

आणि तरी आई थकत चालली. बोलता बोलता जांभया, अंग जड, भर उकाड्यात खांद्यावर शाल. मी काय केलं? आणखी एक मल्टिव्हिटॅमिन पाठवलं.

मग एका रविवारी न सांगता घरी गेले, तर सव्वासहाचा कॉल झाल्यावर आई पुन्हा आडवी झालेली, नऊ वाजले तरी झोपलेलीच. दाराजवळच्या खिळ्यावर विहाराची चावी नव्हती. "दिली शेजारच्या सुनंकडं," आई म्हणाली, "आता माझ्यानं व्हत न्हाय, बाय." तो रिकामा खिळा मी हात लावून पाहिला... या बाईने आजवर स्वतःहून काही सोडलेलं मला आठवत नाही.

रक्त तपासलं, तर थायरॉईडचा रिपोर्ट बिघडलेला. आता गोळी तर ती रोज माझ्या डोळ्यांदेखत घेत होती! डॉक्टर मॅडमनी विचारलं, आणखी काही औषधं चालू आहेत का? आई म्हणाली, "न्हाय." मीही शेजारून ठामपणे मान हलवली. आमच्या लेखी ती औषधं नव्हतीच ना... ती ताकदीची होती.

मॅडम डोस वाढवायला निघाल्या होत्या. काय मनात आलं कुणास ठाऊक, पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, सकाळी गोळी कशी घेता ते जरा करून दाखवा बघू."

अंगणवाडीतल्या बाईला 'करून दाखवा' म्हटल्यावर काय... आईने हवेतला फोन मॅडमच्या पेनस्टँडला टेकवला, केस सारखे केले, फोनकडे बघून गोड हसली. एक गोळी तोंडात, वर घोटभर पाणी. मॅडम "छान" म्हणाल्या, पण आईचा हात थांबेना. दुसरी... तिसरी... चौथी... पाचवी... मग पेल्यात पावडर टाकून चमचा ढवळायला लागली.

"अहो थांबा, ह्या बाकीच्या कसल्या? कुणी दिल्या?"

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच मागवल्या, टीव्हीवर बघून." धादांत खोटं! ओटीपी म्हणजे काय हे अजून मला विचारणारी बाई... शेवटी मीच खाली मान घालून कबूल केलं.

मॅडम रागावल्या नाहीत, हे आणखी लागलं. शांतपणे म्हणाल्या की कॅल्शियम आणि लोह त्या गोळीबरोबर घेतलं की गोळी अंगात नीट शोषलीच जात नाही, मध्ये किमान चार तास हवेत. अश्वगंधानेही थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ती बंद. लोह आईला कमी नव्हतंच, तेही बंद. मल्टिव्हिटॅमिनचीही गरज नाही. कॅल्शियम तेवढं दुपारच्या जेवणानंतर, आणि शेवगा झाडावरचा, भाजी करून! डोस तोच ठेवून सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. येताना घरातल्या सगळ्या डब्या-पुड्या पिशवीत घालून आणायच्या.

म्हणजे आईला थकवत मीच होते... रोज टाळ्या वाजवून.

परतताना कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली आणि मला रडू फुटलं. एवढ्या गोळ्या नको होत्या तर बोलली का नाहीस, म्हणून तिच्यावरच चिडले. ती बाहेर मिठागराकडे बघत होती. म्हणाली, "गोळ्या हायत म्हनून तर रोज सकाळी तुजं तोंड दिसतं, बाय. त्या नको बोलले असते, तर तू फोन कशाला केला असतास?"



कॉल अजून सव्वासहालाच होतो. एक गोळी, साधं पाणी, बाकी नुसत्या गप्पा. मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला, बराच सुधारलाय. पेन खाली ठेवून एक साधा प्रश्न विचारणाऱ्या त्या मॅडमचे आभार कसे मानू...

आज रविवार. बोलता बोलता आई म्हणाली, "चल, पोरं आली आसतील," आणि उठून गेली. कॉल बंद करायचं नेहमीप्रमाणे विसरली. मी फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या दाराकडे बघत बसले. खिळा आजही रिकामाच होता... पण यावेळी विहाराची चावी आईच घेऊन गेली होती.